वस्ती सुधारली, माणसं कुठे गेली?

ब्रिटनच्या 'चॅनेल फोर' या वाहिनीवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत एक छोटी फिल्म दाखवत. २००४च्या सुमारास ती सुरू झाली आणि नंतर बरीच वर्षं दिसत राहिली. कॅमेरा एका लांबलचक काँक्रीटच्या इमारतीच्या गॅलऱ्यांवरून सरकत जातो. दोरीवर वाळणारे कपडे, कचऱ्याच्या पिशव्या, कुणीतरी टाकून दिलेली शॉपिंग ट्रॉली, डिश अँटेना. एका क्षणी इमारतीचे तुकडे जुळून वाहिनीचा चारचा आकडा तयार होतो आणि फिल्म संपते. इमारत खरी होती. लंडनच्या दक्षिण भागातल्या वॉलवर्थमधली एल्सबरी इस्टेट. मात्र कपडे, ट्रॉली, कचरा आणि अँटेना हे सगळं मागाहून घातलेलं होतं. रहिवासी चिडले, तक्रारी झाल्या आणि शेवटी वसाहत जशी आहे तशी दाखवणारी स्वतःची आवृत्ती त्यांनी करून घेतली.

फिल्ममध्ये वरून टाकलेला कचरा निदान पकडता तरी येतो. अहवालात काय वरून टाकलंय आणि काय उचलून बाजूला ठेवलंय, हे पकडणं फार अवघड असतं. हा लेख अशा अहवालांबद्दल आहे. गरीब वस्त्या सुधारण्यासाठी, तिथली गुन्हेगारी कमी करण्यासाठी योजना येतात. काही वर्षांनी कुणीतरी त्यांचं मूल्यमापन करतं. हे मूल्यमापन आपण सहसा वाचत नाही. वाचलंच, तर सारांशाचं पान वाचतो. मला ते एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करावं तसं वाचावंसं वाटतं: लिहिणारा कोण, कशाकडे बघतोय, कुठे नजर वळवतोय. त्यासाठी एल्सबरीइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. या एका वसाहतीवर पन्नासेक वर्षांत निरनिराळ्या लोकांनी येऊन निकाल दिले आहेत.

गॅलरी दोषी की भाडेकरू?

आधी एक खुलासा. मराठीत 'इस्टेट' म्हटलं की जमीनजुमला आठवतो. ब्रिटनमध्ये 'इस्टेट' म्हणजे बहुधा नगरपालिकेने, म्हणजे तिथल्या कौन्सिलने, बांधलेली भाड्याची वसाहत. एल्सबरी सदर्क कौन्सिलने १९६३ ते १९७७ या काळात बांधली. सुमारे २७०० घरं, लांबच लांब इमारती, त्यांना जोडणारे उंचावरचे पादचारी पूल. खाली गाड्या, वर माणसं, अशी त्या काळची कल्पना. बाथरूम आत, गरम पाणी, भरपूर उजेड. जुन्या, ओलीने भरलेल्या घरांतून आलेल्या अनेकांना ही घरं आवडली होती.

शेवटची इमारत पूर्ण होण्याआधीच पहिला परीक्षक दारात आला. ऑस्कर न्यूमन या अमेरिकी वास्तुविशारदाचं 'डिफेन्सिबल स्पेस' हे पुस्तक १९७२ साली आलं होतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन सरकारी वसाहती होत्या. एक १४ मजली इमारतींची, दुसरी बुटक्या इमारतींची. रहिवासी साधारण सारख्या परिस्थितीतले, पण उंच वसाहतीत गुन्हे जास्त. न्यूमनचा निष्कर्ष असा, की ज्या जागेवर कुणाचीच नजर नाही आणि जी कुणालाच आपली वाटत नाही, तिथे गुन्हा घडतो. म्हणून नकाशा बदला. १९७४ साली बीबीसीच्या 'होरायझन' मालिकेतल्या एका भागासाठी तो एल्सबरीत फिरला आणि वसाहत त्याच्या सिद्धान्तात चपखल बसली.

न्यूमनच्या मुद्द्यात तथ्य आहे. ज्या जिन्यातून चारच कुटुंबं ये-जा करतात, तिथे परका माणूस लगेच ओळखू येतो. चाळीत वाढलेल्या कुणालाही हे वेगळं शिकवावं लागत नाही. पण 'या मांडणीमुळे अनोळखी माणूस सहज आत येऊ शकतो' आणि 'या मांडणीमुळे इथली मुलं बिघडतात' या दोन वाक्यांमध्ये मोठी दरी आहे. ती दरी उडी मारून ओलांडली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या भूगोलाच्या अभ्यासक अ‍ॅलिस कोलमन यांनी.

कोलमनबाईंचं 'यूटोपिया ऑन ट्रायल' हे पुस्तक १९८५चं. त्यांच्या गटाने सदर्क आणि टॉवर हॅम्लेट्स या लंडनच्या दोन भागांतल्या चार हजारांहून अधिक इमारती पायी फिरून तपासल्या. प्रत्येक ठिकाणी कचरा, भिंतीवरची रंगरंगोटी, तोडफोड, मलमूत्र यांची नोंद केली. शिवाय सरकारी देखरेखीखाली घेतलेल्या मुलांची संख्या जोडली. मग हे सगळं इमारतीच्या रचनेशी ताडून पाहिलं: मजले किती, एका दारातून किती घरांची ये-जा, पूल किती. रचना जितकी 'वाईट' तितकी घाण जास्त, असा निष्कर्ष निघाला.

या पुस्तकाची मेहनत मला आजही थक्क करते. कपाटातल्या आकड्यांवर न विसंबता बाई जिन्याजिन्यात गेल्या. पण वाचताना एक साधा प्रश्न सुटत नाही. मोठ्या इमारतीत माणसं जास्त असतात. मग कचरा दिसण्याची शक्यताही जास्त असणार. दर घरामागे हिशेब केला तर काय उरतं? वास्तुशास्त्राचे अभ्यासक बिल हिलियर यांनी १९८६ साली या पुस्तकावर कडक टीका केली, ती याच प्रकारच्या संख्याशास्त्रीय त्रुटींवर. दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. त्या इमारतीत कोण राहणार, हे कोण ठरवतं? १९७७च्या कायद्याने बेघर कुटुंबांना घर देण्याची जबाबदारी कौन्सिलवर आली. १९८०च्या कायद्याने भाडेकरूंना आपलं कौन्सिलचं घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. बागेसह असलेली चांगली घरं भराभर विकली गेली. ज्यांना पर्याय नव्हता त्यांच्या वाट्याला नको असलेल्या इमारतींतली घरं आली. म्हणजे सगळ्यात अडचणीतली कुटुंबं विशिष्ट इमारतींत आणून ठेवण्याचं काम वाटपाची यादी करत होती. कोलमनबाईंच्या तक्त्यात ते खापर पुलांवर फुटलं.

मार्गारेट थॅचर यांना हे पुस्तक भावलं, यात नवल नाही. गुन्ह्याचं मूळ बेकारीत किंवा धोरणात नसून काँक्रीटमध्ये असेल, तर सरकारला बरंच सोपं जातं. कोलमनबाईंना आपल्या कल्पना प्रत्यक्षात आणायला सुमारे पाच कोटी पौंड मिळाले. पूल पाडा, कुंपणं घाला, दारं वेगळी करा. १९९७ साली 'प्राइस वॉटरहाउस'ने या प्रयोगाचं मूल्यमापन केलं. एकही वसाहत मूळच्या व्यापक उद्दिष्टांच्या कसोटीवर यशस्वी म्हणता येणार नाही, असा त्याचा सूर होता. पुस्तकाची मात्र आजही चर्चा होते, मूल्यमापनाची क्वचितच. या क्षेत्रात सिद्धान्ताला वाचक मिळतात आणि निकालाला कपाट.

दहा वर्षांची योजना

त्याच १९९७मध्ये, पंतप्रधान झाल्यावर महिनाभरातच, २ जूनला टोनी ब्लेअर एल्सबरीत आले. पार्श्वभूमीला त्याच गॅलऱ्या. देशात यापुढे विसरलेली माणसं आणि आशा सोडून दिलेल्या वस्त्या राहणार नाहीत, अशा आशयाचं त्यांचं भाषण झालं. पुढच्या वर्षी 'न्यू डील फॉर कम्युनिटीज' ही योजना जाहीर झाली. इंग्लंडमधल्या ३९ अतिशय वंचित वस्त्या निवडल्या, प्रत्येकीत सरासरी दहा हजारांच्या आसपास लोक. प्रत्येकीला दहा वर्षांत सुमारे पाच कोटी पौंड. एल्सबरीला ५.६ कोटी मिळाले. पैसा कशावर खर्च करायचा हे ठरवणाऱ्या मंडळात रहिवासी असणार होते. गुन्हेगारी, घरं आणि परिसर, समाजजीवन, शिक्षण, आरोग्य, रोजगार या सहाही बाजूंनी काम होणार होतं.

शेफिल्ड हॅलम विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली या योजनेचं जे मूल्यमापन झालं, ते मी वाचलेल्या अशा लिखाणात सगळ्यात प्रामाणिक आहे. ते कंटाळवाणं आहे, हे आधी कबूल करते. पण त्याचा कंटाळा हा त्याच्या सचोटीचाच भाग आहे. ते काय करतं, हे थोडं उलगडून सांगायला हवं, कारण इथेच चांगल्या आणि वाईट मूल्यमापनातला फरक कळतो.

समजा, एखाद्या वस्तीत योजनेआधी घरफोड्या जास्त होत्या आणि नंतर कमी झाल्या. योजनेला यश आलं का? इंग्लंडमध्ये नव्वदीच्या मध्यापासून एकूणच गुन्हे कमी होत होते. गाड्यांची कुलपं सुधारली, घरांचे दरवाजे सुधारले, इतर अनेक कारणं होती. चढत्या भरतीत सगळ्याच होड्या वर येतात, तशा उतरत्या ओहोटीत सगळ्याच खाली जातात. म्हणून या अभ्यासकांनी साधारण तितक्याच गरीब, पण ही योजना नसलेल्या वस्त्यांमध्येही तेच प्रश्न विचारले. २००२, २००४, २००६, २००८ अशा चार फेऱ्यांमध्ये दारोदार पाहणी झाली.

दुसरी अडचण निवडीची. सगळ्यात वाईट अवस्थेतली वस्ती निवडली, की ती पुढे थोडी सुधारण्याची शक्यता मुळातच जास्त असते. पावसाळ्यातल्या सगळ्यात ओल्या दिवशी छत्र्या वाटल्या, तर दुसऱ्या दिवशी पाऊस कमी होणारच. श्रेय छत्र्यांना देता येत नाही.

तिसरी अडचण मोजण्याची. पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे आणि प्रत्यक्ष घडलेले गुन्हे यांत फरक असतो. गस्त वाढली, पोलिसांवर विश्वास बसू लागला, की पूर्वी गप्प राहणारी माणसं तक्रार करू लागतात. काम चांगलं झालं की आकडा वाढतो. त्यामुळे नोंदींसोबत लोकांना थेट विचारावं लागतं: गेल्या वर्षभरात तुमच्याकडे चोरी झाली का, अंधार पडल्यावर बाहेर जायला भीती वाटते का.

हे सगळं सांभाळून २०१०च्या अंतिम अहवालाने काय सांगितलं? योजनेच्या वस्त्यांमध्ये २००२ ते २००८ या काळात ३६ पैकी ३२ निर्देशांक सुधारले. इथे थांबलं असतं तर मंत्र्याच्या भाषणासाठी ते पुरेसं होतं. अहवाल पुढे जातो. जागेशी निगडित गोष्टींत, म्हणजे परिसर आवडणं, गुन्ह्याची भीती, घाण आणि ओसाडपणाची जाणीव यांत सुधारणा ठळक होती. माणसाच्या आयुष्याशी निगडित गोष्टींत, म्हणजे नोकरी, शिक्षण, आरोग्य यांत ती बरीच फिकी. इतर गरीब वस्त्यांशी ताडून पाहिलं की फरक आणखी आक्रसतो. सुमारे १७० कोटी पौंड खर्च झाल्यावर असं लिहायला धाडस लागतं.

मला या निष्कर्षाचं महत्त्व कमी करायचं नाही. रात्री आठ वाजता दूध आणायला खाली उतरताना छातीत धडधड होत नसेल, तर तो आयुष्यातला खरा बदल आहे. ज्यांना कधी तशी धडधड झालेली नाही, तेच त्याला 'नुसती भावना' म्हणतात.

एकाच शब्दाचे दोन अर्थ

गुन्हेगारीच्या अभ्यासात एक शब्द वारंवार येतो: 'डिस्प्लेसमेंट'. या गल्लीत दिवे लावले, पहारा बसवला, तर चोर पलीकडच्या गल्लीत जातो का? योजनेने गुन्हा कमी केला, की फक्त शेजाऱ्याच्या दारात ढकलला? न्यू डीलच्या संदर्भात २००८ साली याचा स्वतंत्र अभ्यास झाला. त्यात आढळलं, की गुन्हे शेजारी सरकल्याच्या खुणा फारशा नाहीत. उलट लगतच्या भागांनाही थोडा फायदा झाल्याच्या खुणा जास्त आहेत. ही चांगली बातमी होती आणि ती नीट तपासलेली होती.

पण हाच शब्द शहराच्या अभ्यासात दुसऱ्या अर्थाने येतो: माणसं उठवली जाणं. चोर कुठे गेला हे शोधायला वस्तीच्या हद्दीबाहेर किती अंतरावर, किती काळ नजर ठेवायची, याची पद्धत बसलेली आहे. रहिवासी कुठे गेला हे शोधायची मात्र सक्ती नाही. जो अहवाल एका नकाशाच्या आतलं मोजतो, त्याच्या दृष्टीने नकाशाबाहेर गेलेलं कुटुंब संपलं. अडचणीतलं कुटुंब गेलं आणि बऱ्या पगाराचं कुटुंब आलं, तर कुणाचंही आयुष्य तसूभर न बदलता सगळे निर्देशांक सुधारतात. शेफिल्डच्या गटाला याची जाणीव होती. त्यांनी एकाच ठिकाणी टिकून राहिलेल्या माणसांना फेरीमागून फेरी पुन्हा पुन्हा भेटून त्यांचा वेगळा हिशेब ठेवला. गेलेल्यांचा मात्र तसा हिशेब लागत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी मी मुंबईत एका संस्थेसाठी पाहणीचं काम करत होते. पूर्व उपनगरातल्या पुनर्वसनाच्या सातमजली इमारती. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी उठवलेल्या झोपडपट्ट्यांमधली माणसं तिथे आणलेली. जिन्यात दिवे, महिलांच्या समित्या, पोलिसांबरोबर महिन्याची बैठक, असा कार्यक्रम होता. सुरुवातीला एक पाहणी आणि दोन वर्षांनी दुसरी. दुसऱ्या फेरीत आम्ही त्याच खोल्यांची यादी घेऊन गेलो. कितीतरी दारांत अनोळखी चेहरे. पहिल्या वेळी जिने मला चहा पाजून 'संध्याकाळी सातनंतर मी पोरीला खाली पाठवत नाही' असं सांगितलं होतं, ती बाई नव्हती. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "ताई, ते कधीच गेले. मेंटेनन्स, लाइटबिल, आणि धुणंभांड्याची कामं राहिली तिकडे. भाड्याने देऊन गेले." कुठे? हाताने लांबवर कुठेतरी दाखवलं. तिच्या जागी आलेल्या भाडेकरूचा नवरा कुरिअर कंपनीत होता. तिला भीती वाटत नव्हती.

आमच्या अहवालात वाक्य आलं, की रात्री बाहेर पडण्याची भीती वाटणाऱ्या महिलांचं प्रमाण घटलं. वाक्य खोटं नव्हतं. दोन वेगळ्या बायकांना एकच प्रश्न विचारून आम्ही उत्तरांची वजाबाकी केली होती. मी वरिष्ठांकडे हे बोलले. ते समजूतदार होते. 'तळटीप टाकू' म्हणाले. छापील प्रतीत तळटीप नव्हती. पुढच्या वर्षीचा निधी त्या वाक्यावर मिळाला. तो निधी चांगल्या कामासाठीच होता, म्हणून मीही पुन्हा विषय काढला नाही. तेव्हापासून कुठल्याही अहवालात 'प्रमाण घटलं' असं वाचलं, की मी आधी विचारते: कुणाचं?

मतदान आणि पाडकाम

एल्सबरीकडे परत येऊ. न्यू डीलच्या पैशासोबत एक प्रस्ताव आला होता. वसाहत कौन्सिलकडून काढून गृहनिर्माण संस्थेकडे द्यायची, म्हणजे खासगी कर्ज उभं राहील आणि पुनर्विकास होईल. २००१ साली रहिवाशांचं मतदान झालं. मोठ्या संख्येने लोक उतरले आणि ७३ टक्के लोकांनी नकार दिला. ज्या योजनेच्या प्रत्येक कागदावर रहिवाशांचा सहभाग लिहिलेला होता, तिच्यातला हा सगळ्यात मोठा सहभाग. २००५ साली सदर्क कौन्सिलने दुरुस्ती परवडत नाही असं सांगून वसाहत टप्प्याटप्प्याने पाडायचं ठरवलं.

इथे मला या अहवालांची मर्यादा सगळ्यात स्पष्ट दिसते. मूल्यमापन सांगतं, की योजनेच्या वस्त्यांमध्ये भीती कमी होतेय, परिसर आवडू लागलाय. आणि त्याच काळात त्यांतल्या एका वस्तीबद्दल पाडण्याचा निर्णय होतो. निर्देशांक सुधारूनही वसाहत वाचत नाही, कारण निर्णय त्या निर्देशांकांवर होतच नव्हता. तो जमिनीच्या भावावर आणि दुरुस्तीच्या खर्चावर होत होता. वॉलवर्थ मध्य लंडनपासून बसने काही मिनिटांवर आहे.

पाडण्याचं समर्थन करताना मात्र गुन्हेगारी परत येते. शेजारच्या हेगेट वसाहतीचं हेच झालं. हजाराहून जास्त घरं, काही वर्षांत रिकामी केली. त्या रिकाम्या, सुन्न गॅलऱ्या चित्रपटवाल्यांना फार सोयीच्या ठरल्या. 'हॅरी ब्राउन'सारखा टोळ्यांचा आणि सूडाचा सिनेमा तिथे चित्रित झाला. पाडकाम सुरू होईपर्यंत पडद्यावर वसाहत नरक झालेली होती. तिच्या जागी अडीच-तीन हजार नवी घरं उभी राहण्याची योजना झाली. जुन्या प्रकारच्या सामाजिक भाड्याची घरं शंभराच्या आसपास. हेगेटमधून उठलेले घरमालक कुठे गेले, याचा नकाशा स्थानिक कार्यकर्त्यांनी तयार केला. ठिपके लंडनच्या कडेला आणि कडेच्याही पलीकडे पसरलेले आहेत. माझ्या मते तो नकाशा हे या सगळ्या प्रकरणातलं महत्त्वाचं मूल्यमापन आहे. तो करायला कुणी निविदा काढली नव्हती.

२०१६च्या जानेवारीत पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी देशातल्या शंभर खालावलेल्या वसाहती बदलण्याची घोषणा केली. उंच इमारती आणि अंधारे बोळ गुन्हेगारांच्या सोयीचे असतात, असा मुद्दा होता. २०११च्या दंगलीत दोषी ठरलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक अशा वसाहतींत राहणारे होते, असा आधार होता. कोलमनबाईंच्या तक्त्यातली चूक तीस वर्षांनी जशीच्या तशी परत आली. गरीब तरुणांना राहायला ज्या वसाहती उरल्या आहेत, तिथेच गरीब तरुण सापडणार. दंगल त्यांच्या गॅलरीने घडवली, हे त्यातून सिद्ध होत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एक अनपेक्षित परीक्षण झालं. एल्सबरीतल्या ज्या लोकांनी आपली घरं विकत घेतली होती, त्यांची घरं सक्तीने संपादन करायला सरकारमधल्या संबंधित मंत्र्याने मंजुरी नाकारली. देऊ केलेल्या भरपाईत त्या लोकांना त्या भागात घर घेणं शक्य नव्हतं; घर आणि कुटुंबजीवनाच्या हक्कावर गदा येत होती; त्याची झळ वृद्धांना आणि वांशिक अल्पसंख्याकांना जास्त बसणार होती. म्हणजे सुधारणेचा हिशेब नकाशाच्या बाहेर फेकल्या जाणाऱ्या माणसापासून सुरू करावा, असं निदान एकदा तरी सरकारी कागदावर आलं. पुढे प्रक्रिया पुन्हा झाली, संपादन मंजूर झालं आणि पाडकाम पुढे सरकलं.

आपला हिशेब

हे सगळं वाचून 'बघा, साहेबांच्या देशातही असंच' असं समाधान मिळवणं सोपं आहे. मला उलट वाटतं. तिथे निदान भांडायला कागद आहे. चार फेऱ्यांची पाहणी, तुलनेच्या वस्त्या, मतदानाचा आकडा, मंजुरी नाकारणारं पत्र. आपल्याकडे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५पासून आहे. किती इमारती झाल्या, किती चटईक्षेत्र मिळालं, हे आपण मोजतो. पाच वर्षांनी आत कोण राहतं आणि कसं राहतं, हे मोजणं कुणाचं काम आहे, तेच ठरलेलं नाही.

कुणी मनावर घेतलं तर काय दिसतं, याचं एक उदाहरण आपल्याकडे आहे. २०१८ साली 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या अभ्यासात मानखुर्द-गोवंडीकडच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती तपासल्या गेल्या. इमारती इतक्या चिकटून, की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही. तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त मोकळ्या मांडणीच्या दुसऱ्या पुनर्वसन वसाहतीपेक्षा बरंच जास्त आढळलं. यातही इमारतीच्या रचनेलाच दोष दिला आहे, कोलमनबाईंसारखाच. पण फरक बघा. इथे तुलना पुनर्वसनाच्या दोन वसाहतींमध्ये आहे, मोजलेली गोष्ट माणसाच्या फुप्फुसात आहे, आणि ऊन न मिळण्याचा क्षयाशी संबंध कसा, हे कुणालाही समजावून सांगता येतं. रचनेवर आरोप करायचा तर असा करावा. मला ज्या इमारतींमध्ये पाठवलं होतं, तिथेही खालच्या मजल्यांवर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावावी लागे. आमच्या प्रश्नावलीत उजेडाचा प्रश्न होता, तो जिन्यातल्या दिव्यांपुरता.

वरळीच्या बीडीडी चाळींमधल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५मध्ये दिल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, आणि तेही जिथे चाळ होती त्याच भागात. एल्सबरी आणि हेगेटच्या मानाने हा फार चांगला सौदा आहे, आणि तो रहिवाशांनी वर्षानुवर्षं लावून धरल्यामुळे झाला आहे. म्हणूनच इथे हिशेब ठेवणं शक्य आहे. कोणत्या खोलीतलं कुटुंब कोणत्या घरात गेलं, ही यादी आज तयार आहे. दर महिन्याचा देखभालखर्च, मुलांची शाळा, म्हाताऱ्यांची संध्याकाळची बैठक, बायकांना लिफ्टमध्ये वाटणारी भीती किंवा न वाटणारी भीती, हे आत्ता विचारून ठेवलं आणि पाच वर्षांनी पुन्हा विचारलं, तर उत्तर मिळेल. अट एकच. घराचा नंबर घेऊन न जाता माणसाचं नाव घेऊन जायचं. आणि ते माणूस तिथे नसेल, तर 'कुलूप' असा शेरा मारून पुढच्या दाराकडे न वळता, ते कुठे गेलं हे शेजाऱ्याला विचारून तिथवर जायचं.

माझ्याकडे त्या दोन फेऱ्यांपैकी पहिल्या फेरीची वही अजून आहे. त्या बाईचं नाव, मजला, खोली आणि पोरीचं वय त्यात लिहिलेलं आहे. पोर तेव्हा अकरा वर्षांची होती.